चिठ्ठीवरची गाणी



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, कवी बोलले. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस बहुधा मी पहिलाच. निमंत्रण द्यायला मंडळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘अहो, मला भाषण कुठलं येतंय? दुसऱ्याचा आवाज खरखरत असेल तर तो नीट करणं एवढंच मी जन्मभर केलं.’ ते म्हणाले, ‘मग तेच सांगा.’

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी माझे शिक्षक नव्हते. माझं शिक्षण रोह्याला झालं. गुरुजी माझे गिऱ्हाईक. सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेला मर्फी रेडिओ बांधून यायचे आणि तो पुन्हा बोलू लागेपर्यंत बाकावर बसून राहायचे. वाल्वचा रेडिओ लावल्या लावल्या बोलत नाही. आधी तापतो, आतला नारिंगी उजेड हळूहळू वर येतो, मग आवाज येतो. गुरुजी त्या उजेडाकडे डोळे लावून बसायचे. आवाज आला की पैसे टेबलावर ठेवून निघायचे. घासाघीस कधी नाही आणि उधारीही कधी नाही.

मला विषय दिलाय ‘जुनी गाणी’. या विषयावर हल्ली फार बोललं जातं. दिवाळी पहाट झाली, कोजागरी झाली, कुणाची पंचाहत्तरी झाली की जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरलेला. निवेदिका सुवर्णकाळ म्हणते, आपण माना हलवतो. मीही हलवतो, गाणी चांगलीच असतात. पण घरी आल्यावर मला माझी वही आठवते आणि जेवण नीट जात नाही.

वहीचं सांगतो. 1978 साली मी पेणच्या बाजारात दुकान घातलं. सुरुवातीला नुसती दुरुस्ती होती. मग टेपरेकॉर्डर घरोघर आले आणि लोक विचारू लागले, ‘गाणी भरून देता का?’ मी भरून देऊ लागलो. गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं, त्यावर ए साइडची आणि बी साइडची गाणी लिहिलेली. साठ मिनिटांची कॅसेट असली तर एका बाजूला सात गाणी बसत. आठव्याचा हट्ट धरला तर ते अर्ध्यात तुटे आणि लोक वर्षानुवर्षं ते तुटलेलंच ऐकत. नव्वदची कॅसेट मी टाळायचो. तिची फीत पातळ, मशीनमध्ये गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळत बसावं लागे. चिठ्ठ्या हरवायच्या, म्हणून मी त्या वहीत उतरवून घेऊ लागलो. नाव, गाव, गाणी. अशा तीन वह्या भरल्या. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हेही आज सांगून टाकतो. 1984 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या. त्यानंतर मी दुकानाबाहेरची पाटी उतरवली. धंदा मात्र काही वर्षं चालूच राहिला.

तर त्या वह्यांत गेल्या पिढीची गाणी आहेत, आणि ती दिवाळी पहाटेच्या यादीशी जुळत नाहीत.

त्याआधी थोडं रोह्याबद्दल. माझ्या लहानपणी आमच्या भागात रेडिओ होता तो एका हॉटेलात. बुधवारी रात्री आठला तिथे सिलोन लागायचं. अमीन सयानींची गीतमाला 1952 च्या डिसेंबरात सुरू झालेली. मी ऐकू लागलो तेव्हा ती दहाएक वर्षांची होती आणि मीही तेवढाच. चहा घेणाऱ्यांनी बाकावर बसायचं, न घेणाऱ्यांनी पायरीवर. मी पायरीवर. लघुलहरींचा आवाज एकसारखा येत नाही. या लहरी आभाळात फार वर असलेल्या एका थरावर आपटून खाली येतात, आणि तो थर रात्रभर हलत असतो. त्यामुळे गाणं कुंडलिकेच्या भरतीसारखं चढायचं आणि ओसरायचं. सयानी पायदान सांगायला लागले की नेमका आवाज बुडायचा. मग पायरीवरची आणि बाकावरची मंडळी एकाच वेळी ‘अरे, अरे’ करायची.

सिलोनचं हे वेड आपल्याच सरकारने वाढवलं. माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं आणि 1952 च्या सुमारास आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ज्यांना आपण अभिमानाने रोह्याचे म्हणतो ते चिंतामणराव देशमुख त्याच सरकारात अर्थखातं सांभाळत होते. देशाचा जमाखर्च रोह्याच्या माणसाच्या हाती आणि रोहेकर गाण्यासाठी कोलंबोच्या दारात! शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून सरकारने आपली चूक निस्तरली.

त्या पायरीबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रस्त्याच्या पलीकडे, वडाच्या पारापाशी, चारपाच माणसं उभी राहून ऐकायची. ती पायरीपर्यंत का येत नाहीत हे मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘तू गाणं ऐक.’ महाडचा सत्याग्रह 1927 चा. महाड आपल्याच जिल्ह्यात. त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. आज ‘तेव्हा सगळे मिळून गाणी ऐकायचे’ असं कुणी म्हणालं की मला तो पार दिसतो.

तबकड्यांचा काळ माझ्या आधीचा, पण शेवटचा तुकडा मी पाहिला. लग्नाला कर्णेवाला यायचा. माडाला कर्णा बांधायचा आणि खाली पेटीत तबकडी फिरायची. दर तबकडीला नवी सुई. तबकडीची काळी चकती लाखेची. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांची लाख, आणि जगभरच्या तबकड्यांना लागणारी बरीचशी लाख हिंदुस्थानातून जायची. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्याहून जास्त मावत नसे. आपण भावगीताची गोडी, त्याचा आटोपशीरपणा वाखाणतो, त्यातला अर्धा वाटा या चकतीचा आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत ती तबकडी घरोघर गेली. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण तिथून धरतात. तेव्हापासून ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी हे भावगीताचं माप ठरून गेलं. कवीने कितीही लिहिलेलं असो, सुई मध्यापाशी पोचली की गाणं संपलं.

आता वही उघडू.

गुरुजींचं पान पहिल्याच वहीत आहे. त्यांना गीतरामायण हवं होतं, सगळंच्या सगळं. गदिमा आणि बाबूजींचं हे काम पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, सुरू झालं आणि आठवड्याला एक अशा गतीने वर्षभर चाललं. एकंदर छप्पन्न गाणी. लोक रेडिओला हार घालायचे, ही दंतकथा नाही. मी मोठ्या हौसेने तबकड्यांवरून सगळं उतरवून दिलं. आठवड्याने गुरुजी परत आले, कधी नव्हे ते नाराज. म्हणाले, ‘ही सीतेची गाणी बाबूजी का गातायत? ही माणिकबाईंची आहेत.’ त्यांचं बरोबर होतं. रेडिओवर ही गाणी अनेकांनी गायली आणि सीता माणिक वर्मांच्या आवाजात होती. तबकड्यांत मात्र सगळं सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या गळ्यात आलं. मी म्हटलं, ‘गुरुजी, मला हेच मिळालं.’ ते म्हणाले, ‘तुम्हाला मिळालं ते मी घेतो. मला आठवतं ते माझ्याकडे राहू द्या.’ कॅसेटी घेऊन गेले. पैसे टेबलावर.

तुम्हाला वाटेल, पुढची पानंही अशीच भावगीतांची असतील. आहेत काही. अरुण दाते आहेत, खळेकाका आहेत, आशाबाई तर पानोपानी. पण एप्रिल आला की वहीचा रंग बदलतो. चौदा तारखेच्या आधीचे दहा-बारा दिवस मी दुसरं काही भरतच नसे. वामनदादा कर्डकांची गाणी, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, आणि प्रल्हाद शिंदे. आषाढात दुसऱ्या आळीतली माणसं यायची आणि विठ्ठलाची गाणी मागायची, तेव्हाही प्रल्हाद शिंदेच. श्रावण संपता संपता गणपतीची गाणी सुरू झाली की पुन्हा तेच. एकाच गळ्याने बाबासाहेब, विठोबा आणि गणपती तिन्ही दारं उघडली. पण या तिन्ही चिठ्ठ्या घेऊन येणारी माणसं माझ्या बाकावर कधी एकत्र बसल्याचं आठवत नाही. दिवाळी पहाटेला प्रल्हाद शिंदे मी अजून ऐकले नाहीत. कुणी ऐकले असतील तर मला सांगावं.

नंतर त्यांच्या मुलाच्या, आनंद शिंदेंच्या पोपटाने कहर केला. त्या हंगामात वहीची पानंच्या पानं पोपटाने खाल्ली. तेव्हाच्या शिष्ट लोकांनी नाकं मुरडली, मीही मुरडली. मुरडलेल्या नाकाने रात्री एकपर्यंत भरत बसायचो. आज तेही ‘जुनं गाणं’ झालंय आणि माझी नात त्यावर नाचते.

कचराही भरपूर होता, हे सांगायला हवं. वहीतली निम्मी गाणी आज कुणाला ओळखूसुद्धा येणार नाहीत. टुकार चाली, चोरलेल्या चाली, एका हंगामात जन्मून त्याच हंगामात मेलेली गाणी. जुन्यातलं वाईट आपण विसरलो आणि नव्यातलं वाईट रोज कानावर पडतं. या दोन ढिगांची तुलना करून ‘तो काळच वेगळा’ म्हणायचं, याला मी हिशोब मानत नाही.

आता पेणची खास चिठ्ठी. जून ते ऑगस्ट, हमरापूर-जोह्याकडून आणि गावातल्या कारखान्यांतून माणसं यायची. आपल्याकडे कारखाना म्हटलं की गणपतीचा, बाहेरच्या पाहुण्याला हे समजवावं लागतं. रात्रपाळीला रंगकाम चाले. त्यांच्या चिठ्ठीवर गाणी नसत. एवढंच लिहिलेलं असे: ‘काहीही चालेल. झोप येऊ नये.’ मग मी कव्वाली भरायचो, लावणी भरायचो, डिस्को भरायचो. त्या काळात मी एकदा टेप दुरुस्त करायला रात्री कारखान्यात गेलो. शंभरेक गणपती ओळीने बसलेले, अंगावर रंग, डोळे मात्र कोरे. टेप सुरू करून दिला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात एक म्हातारे कारागीर उठले आणि त्यांनी टेप बंद केला. कुणी काही बोललं नाही. ते आखणीला बसले. बारीक कुंचला, श्वास धरून एक रेघ, मग श्वास सोडायचा. एकेक डोळा उघडत गेला. वीसेक मूर्तींची आखणी झाल्यावर त्यांनीच उठून टेप लावला आणि म्हणाले, ‘हां, आता नाचा.’

विसर्जनाला गाणं पुन्हा भेटायचं, पण शब्द गळून गेलेले. आपल्या भागात लग्न असो की मिरवणूक, बेंजो हवाच. आमची जुनी पद्धत खालूबाजाची. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीपुढे तो वाजला की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो. पण खालूबाजावर सिनेमाचं गाणं नीट बसत नाही, बेंजोवर बसतं. या वाद्याला आपण बेंजो म्हणतो खरं, पण अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही. जपानात, नागोयाला, 1912 साली मोरिता गोरो नावाच्या माणसाने तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. तेच हे वाद्य, आपल्याकडचं बुलबुलतरंग. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. कळांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की सूर चिकटायचा, आणि आत पिकअप बसवून देण्याचं काम माझ्याकडे यायचं. बेंजोवाल्याला मी विचारलं, ‘एवढी गाणी कुठून बसवतोस?’ तो म्हणाला, ‘तुमच्याच कॅसेटवरून.’ म्हणजे मुंबईच्या स्टुडिओतून रेडिओवर, तिथून माझ्या फितीवर, फितीवरून जपानी कळांवर आणि तिथून आमच्या पायांत. रोह्याकडच्या वाड्यांत बाल्या नाचाला हाच प्रकार. शक्ती-तुऱ्याचे शाहीर चालत्या सिनेमाची चाल उचलायचे आणि तिच्यात स्वतःचा सवाल घालायचे. गणपतीला गावी आलेले चाकरमानी चाल ओळखून हसायचे आणि सवाल ऐकून भांडायचे.

कोळीगीतांचंही तसंच. डोलकरांचं ते प्रसिद्ध गाणं लिहिलं शान्ता शेळक्यांनी, जन्म इंदापूरचा. गायलं लताबाईंनी आणि हेमंतकुमारांनी, ते तर बंगाली. चाल हृदयनाथांची. मी शहाणपणा करून खारेपाटातल्या एका गिऱ्हाईकाला हे ऐकवलं. तो म्हणाला, ‘असंल. पन हलदीला आमीच नाचतो ना?’ यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

याच खारेपाटातला एक माणूस मला अजून झोपू देत नाही. नव्वदीच्या पुढची गोष्ट आहे. माणूस पन्नाशीचा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कॅसेट. म्हणाला, ‘शेठ, वरचा पुसून खालचा काराला येल का?’ मला कळेना. मग उलगडा झाला. त्याची आई धवलारीण होती. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणणारी बाई असते, ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. धवले कुठे लिहिलेले नसतात, एका बाईकडून दुसरीकडे जातात. हा शब्द किती जुना आहे ते ऐका. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने धवळे रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव आपण शाळेत शिकलो. तोच शब्द, तीच लग्नाची गाणी, आणि ती वडखळच्या पलीकडे, मिठागरांच्या कडेला, एका निरक्षर बाईच्या तोंडात सातशे वर्षांनी जिवंत होती.

त्याने एका लग्नात आईचे धवले भरून ठेवले होते. पुढे आई गेली. पोरांना कॅसेट सापडली, वर काही लिहिलेलं नव्हतं, त्यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. ती भरायला कॅसेट माझ्याकडेच आली होती. वहीत नोंद आहे. मी कोरी समजून भरली.

त्याला वाटत होतं की फितीवर आवाज थराथरांनी बसतो, वरचा थर खरवडला की खालचा मिळेल. भिंतीच्या रंगासारखा. तसं नसतं. मशीनमध्ये फीत भरण्याआधी एका पुसणाऱ्या डोक्यापुढून जाते. ते आधीचं सगळं साफ करतं, मग पुढचं डोकं नवं भरतं. खाली काहीच उरत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘वाजवून बगा तरी.’ मी लावली. सात गाणी वाजली, तो मान खाली घालून ऐकत राहिला. सातवं संपलं. माझ्या सवयीप्रमाणे मी तिथे मशीन थांबवलं होतं, बाजू संपायला थोडी फीत शिल्लक असताना. खर्रर्र झालं आणि एकदम एक म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, मागे दुसरी बाई धरतेय, लांब कुठेतरी भांडी वाजतायत. एक ओळ पुरी, दुसरी अर्धी. खटकन फीत संपली.

मी पुन्हा लावलं, घड्याळ धरून. एकवीस सेकंद. तेवढे मी त्याला वेगळ्या कॅसेटवर दहा वेळा लागोपाठ भरून दिले. पैसे तो देत होता. मी घेतले नाहीत, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही.

गीतरामायण कुठेही मिळतं. आशाबाईंचं प्रत्येक गाणं आज तुमच्या फोनमध्ये आहे. त्यांची चिंता करायला कंपन्या बसल्या आहेत, कार्यक्रम बसले आहेत. मला चिंता आहे ती तुमच्या माळ्यावरच्या, वर काही न लिहिलेल्या कॅसेटींची. कुणाच्या आजीचा धवला, कुणाच्या काकाचा बाल्यातला सवाल, आळीतल्या भजनी मंडळाची एखादी रात्र, धावीर महाराजांच्या पालखीतला खालूबाजा. त्या एकदाच भरल्या गेल्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. फितीलाही आयुष्य असतं. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते.

दुकान मी बंद केलंय, पण दोन चांगली मशीनं घरी चालू आहेत आणि कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर घ्यायला नातू शिकलाय. पैसे नकोत. कॅसेट आणून द्या, तुमच्यासमोर उतरवून परत करू. कोण गातंय, कुठलं गाव, कुठल्या साली, एवढं आठवेल तेवढं कागदावर लिहून आणा. चिठ्ठ्यांची मला सवय आहे.

आणि आणायच्या आधी, आज रात्री घरी गेल्यावर एक काम करा. कॅसेट हातात घ्या. तिच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे कान असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते दोन्ही मोडून टाका. मग त्या फितीवर कुणालाही, मलासुद्धा, चुकून काही भरता येणार नाही.